दुसऱ्याच्या स्टोअरची किल्ली

नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या काही कारखान्यांच्या स्टोअरमध्ये नट-बोल्टचे जे रॅक उभे आहेत, त्यात कोणता माल किती ठेवायचा आणि कधी भरायचा, हे कारखान्याची माणसं ठरवत नाहीत. आम्ही ठरवतो. आमचा माणूस ठरलेल्या वारी गेटवर नोंद करून आत जातो, एकेका बिनमध्ये डोकावतो, कमी झालेलं भरतो, चलनावर स्टोअरची सही घेतो आणि परत येतो. फोनवर ऑर्डर नाही, दर वेळी नवी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) नाही. मालाचा भाव वर्षातून एकदाच ठरतो. मोठ्या कंपन्यांच्या कागदांवर याला व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी असं भारदस्त नाव असतं. आमच्याकडे सगळे ‘बिन सिस्टीम’ म्हणतात.

हे काम मी आधी वाईट केलं आणि बऱ्याच उशिरा नीट करायला शिकलो. त्याबद्दल मी आजवर धंद्यातल्या दोन-चार माणसांपाशीच बोललो होतो. पण हल्ली सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नवे कारखाने आल्यापासून तरुण पुरवठादार भेटायला येतात आणि विचारतात, “कंपनी म्हणते आमचं स्टोअर तुम्हीच सांभाळा, घेऊ का?” प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा जे घडलं ते सगळंच लिहून काढावं, असं वाटलं.

आमचं दुकान वडिलांच्या हातचं. लुना बनवणारी कायनेटिक, एल अँड टीचा स्विचगिअरचा कारखाना (2020 मध्ये तो श्नायडरकडे गेला), क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज अशा मोठ्या नावांभोवती नगरमध्ये छोट्या वर्कशॉपचं जाळं तयार झालं आणि त्या वर्कशॉपांना नट-बोल्ट लागायचे. माल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून यायचा, पुढे थेट लुधियान्याहून यायला लागला. गिऱ्हाईक काउंटरवर यायचं, नमुना दाखवायचं, आम्ही मोजून द्यायचो. त्या व्यवहारात गरज किती हे गिऱ्हाईक सांगत असे आणि त्याला जे सांगायचं ते ऐकणं एवढंच आमचं काम होतं.

बिन सिस्टीममध्ये नेमकं हेच उलटं होतं. दुचाकीच्या सुट्या भागांचा एक मध्यम कारखाना आमचा जुना ग्राहक होता. तिथल्या खरेदीप्रमुखांनी एके दिवशी बोलावलं आणि सरळ सांगितलं की, सी क्लासच्या मालामागे आमची माणसं फार वेळ घालवतात, हे तुम्ही अंगावर घ्या. कारखान्यात मालाचे ए, बी, सी असे वर्ग करतात. पोलाद, तांबं, मोठे सुटे भाग ए मध्ये. नट, बोल्ट, वॉशर, सर्क्लिप, कॉटर पिन सी मध्ये. एकूण खरेदीच्या रकमेत सी क्लास अगदी थोडा, पण आयटम मोजले तर सगळ्यात जास्त त्याचेच. आणि काही पैशांचा स्प्रिंग वॉशर नसला तरी लाईन उभी राहते. एका वॉशरसाठीही मागणीपत्र, पीओ, गेट एंट्री, तपासणी, माल मिळाल्याची नोंद (जीआरएन), बिल एवढा सगळा प्रवास करावा लागतो. तो प्रवास वाचवायचा, म्हणून ज्याचा माल त्यानेच रॅक सांभाळायचा.

कल्पना चांगलीच आहे. टोयोटाच्या ताइची ओहनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत आपल्या कारखान्यात आणली: जेवढं उचललं गेलं तेवढंच पुन्हा भरायचं. 1980 च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बल वॉलमार्टमधला आपला डायपरचा साठा स्वतःच भरू लागली. पण तिथे आधी वॉलमार्टने आपल्या विक्रीची माहिती तिच्या हाती दिली होती. काय खपतंय हे दिसत होतं, म्हणून काय भरायचं हे ठरवता येत होतं. मला हे तेव्हा समजलं नाही. मी माहिती मागितलीच नाही. मला रॅक दिसला, गेटपास मिळाला आणि वर्षभराचं गिऱ्हाईक पक्कं झालं, एवढंच मी पाहिलं.

प्रत्येक बिनवर मी किमान आणि कमाल पातळीची पट्टी लावली. आकडे काढले ते मागच्या वर्षाच्या बिलांवरून. वर्षाचा खप भागिले बारा, त्यात लुधियान्याहून ट्रक यायचे आठ-दहा दिवस मिळवले, झाली पातळी. सरासरीत दिवाळीआधीची घाई दिसत नाही आणि नंतरची मंदीही दिसत नाही. पण तो हिशेबातला कच्चेपणा होता. त्याहून वाईट जे केलं ते जाणूनबुजून केलं.

तेव्हा बिल डिलिव्हरीवर व्हायचं. माल रॅकवर गेला, चलनावर सही झाली की विक्री झाली. महिनाअखेरीला विक्री कमी दिसली की मी आमच्या माणसाला सांगायचो, “तिकडे जरा जास्त भर.” मार्च आला की बँकेच्या कॅश क्रेडिटचं नूतनीकरण डोळ्यांपुढे असायचं, उलाढाल मोठी दाखवायची असायची, मग आणखी जास्त. कमाल पातळीची पट्टी मीच लावली होती, ती मीच ओलांडत होतो. मला कोणी विचारणार नाही याची खात्री होती, कारण विचारायचं काम त्यांनी विश्वासाने माझ्यावर सोपवलं होतं.

स्टोअरला एक वयस्कर गृहस्थ होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. एकदा मार्चअखेर मी स्वतः माल घेऊन गेलो होतो. ओतप्रोत भरलेल्या बिनकडे पाहून ते म्हणाले, “शेठ, हा तर तीन महिने संपायचा नाही.”

“संपेल मामा, शेड्यूल वाढतंय,” मी म्हणालो.

शेड्यूल वाढत असल्याचं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

भरलेल्या बिनमध्ये आणखी भरायचं म्हणजे वरून ओतायचं. खरी पद्धत दोन बिनची असते: पुढचा पूर्ण रिकामा झाला की मागचा पुढे घ्यायचा आणि रिकामा भरून मागे ठेवायचा. अशाने जुना माल आधी संपतो आणि एका बिनमध्ये एकच लॉट राहतो. आमच्याकडे दोन्ही बिन कायम भरलेले, म्हणून माझा माणूस जिथे जागा दिसेल तिथे पिशवी फाडून रिकामी करत असे. मला ते माहीत होतं. आमच्या गावाकडे कणगीत नवी ज्वारी घालण्याआधी आई तळातला दाणा न् दाणा काढून कणगी झाडून घेत असे, कारण खालच्या थराला कीड असली तर ती वरच्याला लागते. घरात जे लहानपणापासून पाहिलं ते धंद्यात पाळलं नाही.

व्हायचं ते झालं. असेंब्लीच्या लाईनवर एम 8 चा झिंक प्लेटिंगचा बोल्ट हवेच्या गनने बसवत असताना मध्येच अडकू लागला. सगळेच अडकत नव्हते, त्यामुळे पहिल्यांदा गनला दोष दिला गेला, मग टॅपिंगला. सुपरवायझर मूठभर बोल्ट घेऊन स्टोअरमध्ये आला आणि टेबलावर ओतले. काहींवर नट हाताने शेवटपर्यंत फिरत होता, काहींवर अर्ध्यावर थांबत होता. प्लेटिंगचा थर थोडा जाड बसला की आटे घट्ट होतात. थर मायक्रॉनमध्ये असतो, डोळ्यांना दिसत नाही. रिंग गेज लावल्यावर कळलं की गो गेज त्यांच्यावर जातच नाही.

क्वालिटीच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, “हा लॉट कोणता?”

लॉट सांगता आला असता तर तेवढा माल बाजूला काढून लाईन तासाभरात चालू झाली असती. पण त्या बिनमध्ये निदान तीन वेगवेगळ्या वेळी आलेला माल एकत्र झाला होता. टेस्ट सर्टिफिकेट सगळ्यांची होती, पण कोणतं कोणत्या बोल्टचं हे सांगायला मी असमर्थ होतो. म्हणून त्या साइजचा रॅकवरचा सगळा माल लाल टॅग लावून होल्डवर गेला, आणि लाईनवर बसवून झालेल्या असेंब्लीही बाजूला काढाव्या लागल्या. दुकान बंद ठेवून आम्ही सगळे त्या स्टोअरच्या जमिनीवर गोणपाट अंथरून बसलो आणि एकेक बोल्ट गेजमध्ये फिरवून पाहत राहिलो. चांगल्याचा ढीग, वाईटाचा ढीग. वाईटाचा ढीग लहानच निघाला. आमच्या निष्काळजीपणामुळे थोड्याशा दोषासाठी सगळा माल संशयित ठरला होता.

डेबिट नोट आली, ती मी भरली. त्याबद्दल तक्रार नाही. पण होल्डच्या निमित्ताने त्यांच्या ऑडिटने सगळे रॅक मोजले, आणि तिथे माझं महिनाअखेरचं भरणं उघडं पडलं. काही साइज अशा होत्या की त्यांना कित्येक महिने हातही लागला नव्हता आणि तरी वरून माल येतच होता. खरेदीप्रमुखांनी मला बोलावून तो तक्ता पुढे ठेवला. आवाज चढवला नाही. मी काही स्पष्टीकरण दिलं, ते आज आठवलं तरी नको वाटतं.

जाब मात्र मामांना द्यावा लागला. प्रत्येक चलनावर त्यांची सही होती. निवृत्तीला आलेल्या माणसाला तरुण अधिकाऱ्यांपुढे उभं राहून सांगावं लागलं की, पुरवठादार म्हणाला म्हणून मी सही केली. मी तेव्हाच पुढे होऊन बोलायला हवं होतं की, मी त्यांना खोटं सांगितलं होतं. बोललो नाही. गिऱ्हाईक जाईल ही भीती होती. नंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. पुढे मी स्टोअरमध्ये गेलो की ते कामापुरतं बोलत. पूर्वी ते जाता जाता खूप काही सांगायचे: अमुक मॉडेल हळू पडलंय, तमुक पार्ट बाहेर जॉबवर्कला जाणार आहे. ते बंद झालं. नवं मॉडेल, जुन्या ड्रॉइंगचा शेवट, असल्या बातम्या खरेदी विभागाच्या आधी स्टोअरला लागतात. माझ्याजवळची सगळ्यात मोलाची माहिती मी अशी घालवली.

यानंतर व्यवहार बदलला. बिल डिलिव्हरीवर नाही, वापरावर. रॅकवरचा माल माझा, लाईनवर गेला की त्यांचा. हे न्यायाचंच होतं. पण माझी दुसरी मोठी चूक इथे झाली: हे सगळं तोंडी ठरलं. चलनावर ‘विक्री किंवा परत’ एवढं लिहायला लागलो. माल किती दिवस पडून राहिला तर काय, खराब झाला तर कोणाचा, ड्रॉइंग बदललं तर कोणाचा, यातलं काही कागदावर आलं नाही. अपराधी भावना मनात होती, म्हणून अटी मागायची हिंमत होईना, हेही खरं.

आणि मग बीएस-6, म्हणजे वाहनांच्या धुराचं नवं मानक, आलं. ते अचानक आलं नव्हतं. बीएस-5 गाळून थेट बीएस-6 आणणार हे सरकारने 2016 मध्येच जाहीर केलं होतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-4 वाहन विकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये स्पष्ट केलं होतं. दुचाकीत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन येणार, म्हणजे त्याभोवतीचे पार्ट बदलणार, म्हणजे त्यांना जोडणारे बोल्टही बदलणार. ही साखळी मला जोडता यायला हवी होती. वर्तमानपत्र मी रोज वाचत होतो. पण नजर फक्त बिनच्या पट्टीवर होती. पट्टीखाली माल गेला की भरायचा, एवढंच डोक्यात.

बाजारात सर्वत्र चालणारा बोल्ट उरला तर चिंता नसते, तो आणखी कुठेतरी जातो. पण या रॅकवर ‘स्पेशल’ होते: त्या कारखान्याच्या ड्रॉइंगप्रमाणे करून घेतलेले, विशिष्ट लांबीचे, विशिष्ट कॉलरचे. त्यांना जगात दुसरं गिऱ्हाईक नाही. स्पेशल कमी नगांत कोणी करून देत नाही, म्हणून लुधियान्याला मोठी ऑर्डर द्यावी लागते. जानेवारी 2020 मध्ये पट्टी पाहून मी तशी ऑर्डर दिली. माल आला, थोडा रॅकवर गेला, बाकीचा आमच्या गोडाऊनमध्ये. मार्चमध्ये जुनं मॉडेल थांबलं. 24 मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा त्या बोल्टचं ड्रॉइंग रद्द झालेलं होतं.

मी खरेदी विभागाकडे गेलो. उत्तर मिळालं, “माल तुमचा होता.” बरोबरच होतं. 1930 चा मालविक्रीचा कायदा सांगतो की, वेगळा करार नसेल तर मालकी ज्याची, धोकाही त्याचाच. वेगळा करार माझ्याकडे नव्हता. माल भंगारात गेला. बोल्ट करताना त्यात लोखंडापेक्षा मेहनत जास्त असते, भंगारवाला फक्त लोखंडाचे पैसे देतो.

त्यातच आमच्या सीएंनी आणखी एक गोष्ट दाखवली. जीएसटी कायद्याच्या 31 व्या कलमाप्रमाणे ‘विक्री किंवा परत’ म्हणून पाठवलेल्या मालाचं बिल फार तर सहा महिन्यांत फाडावं लागतं, माल वापरला गेला असो वा नसो. माझा बराच माल त्याहून जुना होता. कर व्याजासकट भरला. विम्याचंही तसंच. आमची पॉलिसी दुकान आणि गोडाऊन या दोन पत्त्यांची. एका पावसाळ्यात दुसऱ्या एका ग्राहकाच्या शेडमध्ये पाणी शिरलं, रॅकच्या खालच्या फळीवरच्या मालाला पांढरा गंज चढला, तेव्हा कळलं की परक्या छपराखालचा आपला माल पॉलिसीत कुठेच नाही.

पैशांच्या वसुलीबाबत तर मी कित्येक वर्षं चुकीच्या भरवशावर होतो. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात अशाच थकलेल्या पैशांबाबत 43-बी मध्ये ‘एच’ हे पोटकलम आलं, तेव्हा आमच्या बाजारात फार आनंद झाला, मीही उद्यम नोंदणीचा कागद फ्रेम करून लावला. पण 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. उशिरा आलेल्या पैशांचं संरक्षण वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, माल घेऊन विकणाऱ्याला नाही. दुसऱ्याचा साठा आपल्या भांडवलावर सांभाळणारे आमच्यासारखे बहुतेक जण व्यापारीच आहेत. हे आधी कळलं असतं तर उधारीची मुदत मी वेगळी ठरवली असती.

मोठ्या कंपन्यांबद्दलही एक बोललं पाहिजे, कारण सगळा दोष स्वतःकडे घेऊन मी खरं चित्र झाकणार असेन तर या लिहिण्याला अर्थ नाही. कंपनी जेव्हा अभिमानाने सांगते की आम्ही साठा निम्म्यावर आणला, तेव्हा तो साठा नाहीसा झालेला नसतो. तो कुणाच्या तरी माथी गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा अशाच्या माथी, ज्याला बँक कंपनीपेक्षा महाग व्याजाने पैसे देते. या पद्धतीत खरी बचत होते ती माहिती वाटून घेतल्यामुळे. माहिती न देता नुसता साठा ढकलला तर बचत होत नाही, ओझ्याचा मालक तेवढा बदलतो. मी खोटं भरत होतो तेव्हा मी त्यांच्यावर ओझं ढकललं. नंतर त्यांनी माझ्यावर ढकललं. दोन्ही वेळा रॅक भरलेलाच होता.

आज आमच्याकडे वेगळं चालतं. दोन बिनची शिस्त कडक आहे. पुढचा बिन तळ दिसेपर्यंत रिकामा झाल्याशिवाय त्यात एक नगही पडत नाही. प्रत्येक बिनमध्ये लॉटची चिठ्ठी असते आणि बिन भरणाऱ्याची त्यावर सही असते. महिनाअखेरीला जास्त भरायचं नाही, हे मी आमच्या माणसाला सांगून ठेवलं आहे, आणि मी स्वतः सांगितलं तरी ऐकायचं नाही हेही सांगून ठेवलं आहे. आठवड्याला उत्पादनाचा आराखडा आल्याशिवाय स्पेशलची ऑर्डर जात नाही. तीन महिने न हललेल्या मालाची यादी आम्हीच काढून ग्राहकाला देतो. पहिल्यांदा दिली तेव्हा एका खरेदी अधिकाऱ्यांना विश्वास बसेना की पुरवठादार स्वतःहून सांगतोय, तुमच्याकडे हे जास्त झालंय. ती यादी द्यायला लागल्यापासून स्टोअरची माणसं पुन्हा मोकळेपणाने बोलू लागली. मामा आता नाहीत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी गेले. मी त्यांच्या साहेबांपुढे जाऊन खरं बोललो नाही, ते राहूनच गेलं.

काही ग्राहकांनी लेखी करार करायला नकार दिला. त्यांचे रॅक आम्ही सोडले. त्यामुळे धंदा काही काळ कमी झाला.

सुप्यात, नागापुरात, श्रीरामपुरात जे कोणी हे काम घेणार असतील, त्यांना माझी विनंती आहे. गेटपास हातात घेण्याआधी एक पानाचा का होईना, करार करा. त्यात चार गोष्टी असू द्या: रॅकवरचा माल केव्हापर्यंत कोणाचा, न हललेला माल किती दिवसांनी कंपनी विकत घेणार किंवा तुम्ही परत नेणार, ड्रॉइंग बदललं तर उरलेल्या स्पेशलचे पैसे कोण देणार, आणि त्यांच्या छपराखालच्या तुमच्या मालाचा विमा कोणी काढायचा. आणि दर 31 मार्चला दोन्ही बाजूंनी मिळून रॅक मोजा, यादीवर स्टोअरची आणि तुमची सही घ्या. त्या दिवशी स्टोअरचा माणूस काही म्हणत असेल तर हातातलं काम थांबवून ऐका.